बेवारशी मांजरें आणि गांवाचें कर्तव्य

पश्चिम रेल्वेनें मुंबईहून उत्तरेस जातांना बोईसर मागें पडलें कीं डहाणू रोडच्या अलीकडे वाणगांवचें स्टेशन लागतें. भोंवतालीं भाताचीं खाचरें, ढोबळ्या मिरचीचे मळे आणि वारली लोकांचे पाडे. पश्चिमेस चिंचणी, वरोर, धाकटी डहाणू हीं समुद्रकांठचीं गांवें. जेथें भाताची कणगी आहे तेथें उंदीर यावयाचाच, आणि जेथें मासळीची पाटी उतरते तेथें मांजर यावयाचेंच. तेव्हां नांवांत वाण असली तरी अशा गांवीं मांजरांची वाण कधीं पडत नाहीं.

अशा गांवांतील एखाद्या घरीं भाटी, म्हणजे मांजराची मादी, व्याली कीं पहिले कांहीं दिवस घरांत मोठें कौतुक असतें. मांजर आपल्या पिलांना सात घरें फिरवितें, या जुन्या समजुतीचा पडताळा मुलें माळ्यावर, कोठीच्या खोलींत, गवताच्या गंजीमागें शोधून पाहतात. पिलें दीड-दोन महिन्यांचीं झालीं, दुधाच्या भांड्याशीं येऊं लागलीं, अंथरुणांत घाण करूं लागलीं कीं कौतुकाचें रूपांतर त्राग्यांत होतें. आणि एके संध्याकाळीं घरांतील कोणी वडील माणूस रिकामें पोतें काढतें. त्या पोत्याचें तोंड मासळीबाजाराच्या मागें, भातगिरणीजवळ किंवा शेजारच्या गांवच्या वेशीवर सुटतें. "कोठेंतरी पोट भरतील," असें म्हणून तें माणूस घरीं परततें. तें दुष्ट नसतें. जीव मारण्याचें पाप माथीं येऊं नये म्हणूनच त्यानें हा मार्ग पत्करलेला असतो. परंतु पोत्याचें तोंड सुटल्यावर पुढें काय होतें, हें पाहावयास तें थांबत नाहीं. गांवांत मांजरें कां वाढतात, आणि क्रूरपणा न करितां तीं कशीं आवरतां येतील, या दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें त्या न पाहिलेल्या गोष्टींतच आहेत.

मांजर मनुष्याच्या घरीं आलें तें धान्याच्या मागोमाग. पश्चिम आशियांत शेती सुरू झाली, कोठारें भरलीं, कोठारांत उंदीर जमले आणि उंदरांमागें तेथील रानमांजर आलें. सायप्रस बेटावर सुमारें ९,५०० वर्षांपूर्वींच्या एका दफनस्थळीं माणसाच्या शेजारींच पुरलेलें मांजर सांपडलें. त्याचा वृत्तांत २००४ सालीं प्रसिद्ध झाला. त्या बेटावर मांजर मूळचें नव्हे. अर्थात् तें माणसाबरोबर होडींतूनच तेथें गेलें असलें पाहिजे. इतक्या जुन्या सहवासामुळें घरगुती मांजर हें आतां केवळ रानांतील जनावर राहिलेलें नाहीं. आणि तरीहि गायीम्हशींप्रमाणें तें पुरतें आपल्या स्वाधीनहि झालेलें नाहीं.

याचा प्रत्यय पिलांच्या बालपणांत येतो. जन्मल्यापासून दुसऱ्या आठवड्यापासून सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत ज्या पिलाला माणसाचा हात लागतो, तें माणसाळतें. ज्याला लागत नाहीं तें आयुष्यभर बुजरें राहतें, आणि पकडूं गेल्यास ओरबाडतें. म्हणून घरच्या भाटीचें पिलूं पोत्यांतून बाजारांत गेलें आणि तेथें जगून वाढून व्यालें, कीं त्याचीं पिलें माणसाच्या सावलीसहि उभीं राहत नाहींत. रानटीपणा ही कांहीं निराळी जात नव्हे. तो एकाच पिढींत तयार होतो, आणि तो तयार करणारा मनुष्यच असतो. खऱ्या रानांत राहणारें रानमांजर व चिमुकली वाघाटी हे प्राणी मात्र अगदीं वेगळे होत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्यांस अभय दिलेलें आहे, आणि प्रस्तुत विवेचनाशीं त्यांचा संबंध नाहीं.

आतां वाढीचा हिशेब. भाटी पांच-सहा महिन्यांची होतांच, कधींकधीं चौथ्या महिन्यांतच, गाभण राहूं शकते. गर्भकाळ सुमारें नऊ आठवड्यांचा असून एका वेतांत साधारणतः चार पिलें होतात. दिवस मोठा होऊं लागला कीं भाटीस माज येतो, आणि आपल्यासारख्या उष्ण प्रदेशांत तो काळ पुष्कळच लांबतो; त्यामुळें वर्षास दोन वेतें सहज होतात, कधीं तिसरेंहि होतें. कांहीं जनावरांत बीज ठराविक वेळीं आपोआप सुटतें. भाटीचें बीज समागमानंतरच सुटतें, म्हणून गर्भ राहण्यास फारसा अडथळा उरत नाहीं. पिलें अंगावर पीत असतांनाहि ती पुन्हां गाभण राहूं शकते. आणि पिलें नाहींशीं झालीं, तर तिला माज अधिकच लवकर येतो. ही शेवटची गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पोत्यानें घरांतील मांजरें कमी होतात असें वाटतें. वास्तविक त्यानें पुढचें वेत जवळ आणलेलें असतें.

हें बीज मोकळें सोडलें तर काय होतें, याचें उदाहरण हिंदी महासागराच्या दक्षिण भागांतील मॅरियन नांवाच्या बेटावर पाहावयास मिळतें. तेथील हवामान-केंद्रांतील उंदीर मारण्यासाठीं दक्षिण आफ्रिकेच्या लोकांनीं १९४९ सालीं पांच मांजरें नेलीं. समुद्रपक्ष्यांचें भक्ष्य मुबलक, शत्रु कोणी नाहीं. १९७७ पर्यंत त्या पांचांचीं सुमारें ३,४०० मांजरें झालीं, आणि दर वर्षीं लक्षावधि पक्षी त्यांच्या तोंडीं पडूं लागले.

गांवांत मांजरांची अशी हजारांनीं गणती होत नाहीं, याचें कारण तेथें तीं जन्मत नाहींत असें नव्हे. तीं जगत नाहींत. अमेरिकेंतील उत्तर कॅरोलिना संस्थानांत पशुवैद्यांनीं मोकाट मांजरांच्या १६९ पिलांवर लक्ष ठेवलें. त्यांतील १२७, म्हणजे शेंकडा ७५, सहा महिन्यांच्या आंतच मेलीं किंवा नाहींशीं झालीं. हें संशोधन २००४ सालीं प्रसिद्ध झालें. हेंच प्रमाण उदाहरणादाखल आपल्या गांवास लावून पाहावें. एका भाटीचीं वर्षांत दोन वेतें, आठ पिलें; त्यांतील सहा जातात, दोन राहतात. बाजाराभोंवतीं अशा दहा भाट्या असल्या तर वर्षाकांठीं ऐंशीं पिलें जन्मतात आणि त्यांपैकीं साठ जातात. गांवकऱ्याच्या दृष्टीस पडतात तीं उरलेलीं वीस. म्हणजे मांजरांची संख्या आवरण्याचें काम निसर्ग करीतच असतो. परंतु त्याचीं साधनें भूक, हगवण, कुत्र्याचे दांत आणि मोटारीचें चाक हीं आहेत. पोतें नेणारा मनुष्य पिलांना जीवदान देत नसून त्यांस याच साधनांच्या हवालीं करीत असतो.

यावर पहिला सुचणारा उपाय मारण्याचा किंवा हांकलण्याचा. तो नैतिक दृष्ट्या तर त्याज्य आहेच, परंतु व्यवहारांतहि तो फसतो. कोणत्याहि जागीं किती मांजरें नांदतील, हें तेथील अन्न व आसरा यांवर ठरतें. बाजारांतील मासळीचीं डोकीं, खानावळीचें खरकटें, गिरणींतील उंदीर हीं जागच्या जागीं राहिलीं आणि दहा मांजरें उचललीं, तर त्या मोकळ्या जागेंत शेजारचीं येतात. आणि मागें राहिलेल्या भाट्यांच्या पिलांना अन्न अधिक मिळून त्यांतील अधिक जगतात. मॅरियन बेटावर मांजरांचा समूळ नाश करण्यासाठीं १९७७ सालीं एक सांथीचा रोग मुद्दाम सोडावा लागला, पुढें बंदुका व सांपळे वापरावे लागले, आणि अखेरचें मांजर नाहींसें होण्यास १९९१ साल उजाडलें. चौदा वर्षांचा हा उद्योग जेथें बाहेरून नवें मांजर येणें अशक्य, अशा निर्मनुष्य बेटावर घडला. वाणगांवाभोंवतीं समुद्राचा तट नाहीं. एका रात्रीं एक पोतें सुटलें कीं सर्व श्रम फुकट.

कुत्र्यांच्या बाबतींत मुंबई शहरानें हा धडा फार महाग किंमत देऊन घेतला आहे. बेवारशी कुत्रीं मारण्याच्या सरकारी हुकुमाविरुद्ध १८३२ सालच्या जून महिन्यांत तेथील पारशी समाज रस्त्यावर आला. दुकानें बंद झालीं, दंगा झाला. तरी पुढें दीडशें वर्षांहून अधिक काळ शहरांत कुत्रीं मारणें चालूच राहिलें, आणि कुत्रीं कांहीं संपलीं नाहींत. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत तो क्रम सोडून शस्त्रक्रियेचा मार्ग धरण्यांत आला. कायद्याचें पाऊलहि त्याच दिशेस पडलें. १९६० च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्यानें जनावरास निष्ठुरपणें मारणें हा तर अपराध ठरविलाच. परंतु तें उपासमारीनें किंवा तहानेनें कष्टी होईल अशा स्थितींत सकारण नसतां सोडून देणें, हाहि अपराध ठरविला. पोत्याची चाल ही या कलमाच्या फार जवळ जाते, हें थोड्यांच्याच ध्यानांत असतें.

तेव्हां मेलेल्यांची संख्या वाढविण्यापेक्षां जन्मणाऱ्यांची कमी करणें, हाच मार्ग राहतो. शेतकऱ्याला ही कल्पना नवी नाहीं. गोऱ्हा औताला धरण्यापूर्वीं तो खच्ची करून घेतो. मांजराच्या बाबतींत हेंच काम पशुवैद्य भूल देऊन करितो. बोक्याचे वृषण काढले जातात. ही शस्त्रक्रिया कांहीं मिनिटांची असते. भाटीचें अंडाशय, व बहुधा त्यासह गर्भाशय, पोटाला लहानसा छेद घेऊन काढतात; टांके आंतल्या आंत विरणारे घालतात, म्हणजे तीं काढण्यासाठीं बुजरें मांजर पुन्हां धरावें लागत नाहीं. यानंतर भाटीस माज येत नाहीं. बोका रात्रींच्या वेळीं ओरडणें, भांडणें व भिंतीवर उग्र वासाचें मूत्र उडविणें बव्हंशीं सोडतो. मारामाऱ्या कमी झाल्यानें चाव्यांतून पसरणारे मांजरांचे रोगहि कमी होतात. त्याच वेळीं पिसाळरोगाची लस टोंचतां येते, आणि माणसाचाहि धोका घटतो.

हें काम गांवांत कसें चालतें, तें क्रमानें पाहण्यासारखें आहे. प्रथम मांजरांना ठराविक जागीं, ठराविक वेळीं खाऊं घालण्याची संवय लावतात. अर्ध्या तासानें उरलेलें अन्न उचलतात. यानें दोन गोष्टी साधतात : एकूण मांजरें किती हें मोजतां येतें, आणि कोणती भाटी पिलांना पाजीत आहे हें कळतें. धरण्याच्या आदल्या रात्रीं खाणें बंद ठेवतात. दुसऱ्या दिवशीं जाळीच्या पिंजऱ्यांत आंतल्या टोंकाला सुका बोंबील किंवा जवळा ठेवतात. मांजर आंत शिरून फळीवर पाय देतें तोंच मागचें दार पडतें. पिंजऱ्यावर ताबडतोब जाडें कापड झांकलें कीं धडपडणारें जनावर शांत होतें. उघड्या हातानें बुजरें मांजर कोणींहि धरूं नये. चुकून चावलें किंवा ओरबाडलें तर जखम साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी आणि पिसाळरोगाच्या लशीसाठीं दवाखाना गांठावा; "मांजरच तर आहे" असें म्हणून स्वस्थ बसूं नये.

भूल उतरण्याच्या आधीं एका कानाचें टोंक सरळ कापून टाकतात. ही खूण दुरूनहि दिसते, आणि तेंच मांजर पुन्हां पिंजऱ्यांत व टेबलावर जाण्याचें टळतें. बोका बहुधा दुसऱ्याच दिवशीं, भाटी एक-दोन दिवस नजरेखालीं ठेवून, जेथून आणली नेमक्या त्याच जागीं सोडतात. येथें एक इशारा दिला पाहिजे. दुखणें कमी व्हावें म्हणून दयाळू माणसें घरांतील तापाची गोळी, म्हणजे पॅरासिटामॉल, दुधांत कालवून मांजराला देतात. माणसाला उपकारक असलेलें हें औषध मांजराला विष आहे. अर्धी गोळीहि त्याचा प्राण घेऊं शकते. औषध द्यावयाचें तें पशुवैद्याच्या सांगण्यानेंच.

लहान पिलांची गोष्ट निराळी. आठ आठवड्यांच्या आंतील पिलूं हातीं लागलें, तर तें माणसाळवून एखाद्या घरीं देतां येतें. मोठ्या, बुजऱ्या मांजरास मात्र घरांत कोंडणें ही दया नव्हे. त्याचें घर तें बाजारामागचें अंगणच होय. तें तेथें परत गेलें, कीं आपली जागा राखतें, येणाऱ्या नव्या मांजरांना कांहीं अंशीं अडवितें, आणि आपलें आयुष्य संपवून जातें. त्याच्यामागें संतति मात्र राहत नाहीं.

या पद्धतीनें संख्या खरोखर उतरते काय? उतरते, पण अटीवर. अमेरिकेंतील फ्लॉरिडा संस्थानाच्या एका विश्वविद्यालयाच्या आवारांत १९९१ सालीं हें काम सुरू झालें. अकरा वर्षांत १५५ मांजरांची नोंद झाली; त्यांतील जवळजवळ निम्मीं घरोघर देण्यांत आलीं. १९९५ नंतर त्या आवारांत पिलूं दिसलें नाहीं. १९९६ सालीं तेथें ६८ मांजरें होतीं. २००२ सालीं २३ उरलीं. याचें मर्म केवळ शस्त्रक्रियेंत नाहीं. आवारांत कोणी नवें मांजर आणून सोडलें, कीं व्यावयापूर्वींच तें धरलें जाई. पहारा सतत होता.

याच्या उलट बाजूचा अनुभव रोम शहराचा. इटलीनें १९९१ सालीं कायदा करून मोकाट मांजरें मारण्यास बंदी केली आणि शस्त्रक्रियेचा भार सरकारी पशुवैद्यांवर टाकला. पुढील दहा वर्षांत रोममध्यें जवळजवळ आठ हजार मांजरांवर शस्त्रक्रिया झाल्या. अनेक वस्त्यांतील संख्या हळूहळू घटली. परंतु शेंकडा सुमारें २१ मांजरें बाहेरून नवीन येत राहिलीं, कांहीं आपण होऊन आणि कांहीं लोकांनीं आणून टाकलेलीं. हा सर्व व्याप तपासणाऱ्या अभ्यासकांनीं २००६ सालीं असा निष्कर्ष काढला कीं, घरच्या मांजरांची संतति मालकांनीं आवरली नाहीं, तर रस्त्यावरील शस्त्रक्रियांवर होणारा पैसा, वेळ व श्रम व्यर्थ जातील.

वाणगांवासारख्या गांवानें घ्यावयाचा मुख्य धडा हाच. मांजरांची वाढ बाजारांत होत नसून ती घराच्या माळ्यावर सुरू होते. दहा भाट्यांपैकीं दोघींवर शस्त्रक्रिया केली, तर उरलेल्या आठ सहज ती जागा भरून काढतात. गांवाला फरक जाणवत नाहीं आणि "हे नसते उपद्व्याप" असें म्हणावयास लोक मोकळे होतात. संख्या उतरावयास एका वस्तींतील चारांपैकीं निदान तिघींवर, व तीहि एकाच हंगामांत, शस्त्रक्रिया झाली पाहिजे, असें गणित करणाऱ्यांचें साधारण मत आहे. म्हणून साऱ्या तालुक्यांत विखुरलेल्या शंभर शस्त्रक्रियांपेक्षां एका आळींतील पुरत्या झालेल्या वीस अधिक फलदायी ठरतात. दया मनांत येईल तशी वांटून चालत नाहीं. ती एका जागीं पुरी करावी लागते.

या उपायावर गांवांतून येणारे आक्षेपहि विचार करण्यासारखे आहेत. पहिला उंदरांचा. मांजरें घटलीं तर कणगी कोण राखील? शस्त्रक्रिया झालेलें मांजर शिकार सोडत नाहीं. तेव्हां घराघरांतील एक-दोन मांजरें जागेवर राहतातच. शिवाय मांजराच्या पराक्रमाविषयीं आपली कल्पना जरा अतिशयोक्त आहे. न्यूयॉर्कमधील एका कचऱ्याच्या कारखान्यांत ७९ दिवस कॅमेरे लावून संशोधकांनीं मोकाट मांजरें व मोठे उंदीर यांचा व्यवहार पाहिला. मांजरांना अवघे दोन उंदीर मारतां आले. उंदीर मात्र मांजर दिसलें कीं लपून बसत. हा वृत्तांत २०१८ चा आहे. लहान चिचुंदऱ्या-उंदरांना मांजर भारी असलें, तरी घुशीच्या वाटेस तें सहसा जात नाहीं; तिच्यासाठीं कोठार पक्कें बांधणें आणि खरकटें झांकणें हेंच खरें औषध.

दुसरा आक्षेप पापाचा. मुक्या प्राण्याचें मातृत्व हिरावणें हें पाप नव्हे काय? या प्रश्नामागची भावना खरी आहे, आणि तिची थट्टा करूं नये. परंतु तुलना करावयाची ती सुखी माता व वांझ माता यांची नव्हे. एका बाजूस भूल दिलेली एक वेळची शस्त्रक्रिया. दुसऱ्या बाजूस वर्षाला आठ पिलें वाढविण्याचा प्रयत्न आणि त्यांतील सहा डोळ्यांदेखत जाणें. भाटी ओरडत पिलें शोधीत फिरते, हें ज्यांनीं ऐकलें आहे त्यांस याहून अधिक सांगावें लागत नाहीं.

तिसरा आक्षेप पक्षी व रोग यांचा, आणि तो उलट बाजूनें येतो : मांजरें परत सोडावींच कां? मोकाट मांजर पक्षी, सरडे, खारी मारतें हें खरें. मॅरियन बेटाचें उदाहरण वर आलेंच आहे. जेथें पक्ष्यांची वीण आहे अशा जागीं मांजरांना खाऊं घालण्याचे अड्डे करूं नयेत. मांजराच्या विष्ठेंतून पसरणारा टोक्सोप्लाझ्मा नांवाचा जंतु गर्भवती स्त्रीच्या पोटांतील मुलास अपाय करूं शकतो. तो विष्ठेंत पडल्यावर एक ते पांच दिवसांनीं बाधक होतो. म्हणून घाण रोजच्या रोज काढावी, गर्भवतीनें तिला हात लावूं नये, मातींत काम केल्यावर हात धुवावेत, आणि मांस पुरतें शिजवावें. हीं संकटें खरीं आहेत. पण तीं जितकीं मांजरें तितकीं वाढतात, आणि मांजरें कमी होण्याचा टिकाऊ मार्ग जन्म थांबविण्याचाच आहे.

आतां प्रश्न राहिला तो हें करावें कोणीं. मुंबई महानगरपालिकेनें प्राणिदयेच्या संस्थांच्या साहाय्यानें २०१९ सालीं बेवारशी मांजरांच्या शस्त्रक्रियेचें काम सुरू केलें. त्यापूर्वीं २००१ चे जन्मनियंत्रणाचे नियम केवळ कुत्र्यांपुरते होते. २०२३ सालीं केंद्र सरकारनें काढलेल्या नव्या नियमांच्या नांवांतून "कुत्रीं" ही मर्यादा गेली, आणि वस्तींत जन्मलेल्या, मालक नसलेल्या सर्वच जनावरांस "सामुदायिक प्राणी" असें नांव मिळालें. परळ येथें बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय १८८३ पासून व मुंबईचें पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून आहे. तेव्हां ही विद्या आपल्या प्रांतांत परकी नाहीं. परंतु वाणगांव परळपासून दूर आहे, आणि बुजरें मांजर पिंजऱ्यांत घालून लोकलनें मुंबईस नेणें हें कोणाहि गृहस्थाला झेपणारें नव्हे. मांजरें वैद्याकडे नेण्यापेक्षां वैद्य मांजरांकडे आणला पाहिजे.

यासाठीं ग्रामपंचायतीनें वर्षांतून एकदां, थंडीच्या दिवसांत, म्हणजे माजाचा मुख्य हंगाम येण्यापूर्वीं, एक शिबिर भरवावें. प्राणिकल्याण मंडळाची मान्यता असलेली संस्था, पालघर जिल्ह्याचें पशुसंवर्धन खातें आणि शस्त्रक्रियेची संवय असलेले पशुवैद्य यांस एकत्र आणणें, हें पंचायतीचें काम. मांजराला भूल देणें नाजूक असतें. तेव्हां गुरांवर उपचार करणाऱ्या एकट्या वैद्यावर सर्व भार टाकणें योग्य नव्हे. उरलेलें काम गांवाचें आहे. कोणत्या आळींत किती भाट्या, कोणाच्या माळ्यावर पिलें, कोठें रोज खरकटें पडतें, याची माहिती कोणत्याहि दप्तरांत नसते; ती मासळी विकणाऱ्या कोळिणींना, खानावळवाल्यांना आणि शाळेंतील मुलांना असते. मुलांनीं एका वहींत आपल्या आळींतील मांजरें रंगावरून टिपलीं, तर आठवड्याभरांत गांवाची मोजणी तयार होईल. शिबिराच्या दिवशीं पहिला क्रम घरच्या भाट्यांचा लागावा. त्या टोपलींतूनहि आणतां येतात, त्यांना पिंजरा लागत नाहीं, आणि पोत्यांतून जाणारीं पिलें त्यांचींच असतात. त्यांच्यानंतर बाजार, मग स्टेशन, मग पाडे, असें एक-एक ठिकाण पुरतें करीत जावें. कान न कापलेलें नवें मांजर दिसलें, कीं तें पुढच्या शिबिराच्या यादींत यावें.

मांजराच्या गळ्यांत घंटा कोणीं बांधावी, हा उंदरांच्या सभेंतील प्रश्न अनुत्तरितच राहिला. कारण प्रत्येकाला तें काम दुसऱ्यानें करावें असें वाटत होतें. गांवाच्या सभेंतहि तेंच होण्याचा संभव आहे. परंतु येथें घंटा नको, केवळ कानाचें एक टोंक हवें. आणि उंदरांना जें भय होतें तें येथें कोणालाच नाहीं. पुढच्या वेळीं माळ्यावर चिवचिव ऐकूं आली, कीं घरच्या माणसानें पोतें शोधण्यापूर्वीं पिलें दूध तोडीपर्यंत थांबावें, त्यांना घरें पाहावीं, आणि त्यांच्या आईचें नांव शिबिराच्या यादींत घालावें. तें वेत तिचें शेवटचें ठरेल. आणि त्या घरांतून पोतें पुन्हां निघणार नाहीं.